भाच्याला जर्मनीत मेडिकल करायचंय, कोणी सांगू शकेल का?

नमस्कार मंडळी,

आपल्या जर्मनीतल्या मराठी लिस्टवर कार्यक्रमाच्या मेल्समध्ये हा वेगळाच विषय काढतेय, पण आपल्यात दोन-तीन डॉक्टर आहेत म्हणून विचारते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा नाशिकला असतो, बारावी चांगल्या मार्कांनी झाली, नीट दोनदा दिली, क्वालिफाय झाला पण सरकारी कॉलेजला नंबर लागत नाही आणि खाजगीची फी ऐकूनच मेहुण्यांनी हात टेकले. आता तिथल्या एका कन्सल्टंसीवाल्याने सांगितलंय की जर्मनीत मेडिकल फुकट आहे, ॲडमिशनची गॅरंटी आमची, भाषा तिकडे गेल्यावर येतेच, आणि डिग्री घेऊन परत आलं की एफएमजीई (परदेशी डिग्रीवाल्यांची भारतातली परीक्षा) द्यायची, झाला डॉक्टर. ॲडव्हान्स या महिनाअखेरपर्यंत भरा म्हणतात. बहीण मला रोज विचारते की ताई तू तिकडेच आहेस ना मग सांग ना, आणि मी आयटीतली, मला यातलं काही माहीत नाही. प्लीज कोणीतरी नीट सांगा.

वि., डार्मश्टाट

---

वि.ताई,

आधी बहिणीला फोन करून सांगा की एक रुपयाही भरू नका. बाकीचं सावकाश वाचा, मेल लांब होणार आहे.

मी स्वतः भारतातून बारावी करून इथे मेडिकलला आलो, आता मारबुर्गजवळ असिस्टंट डॉक्टर आहे, त्यामुळे रस्ता आहे हे मी नक्की सांगतो. पण कन्सल्टंसीवाल्याच्या चारही गोष्टी तपासून बघू.

फुकट म्हणजे काय, तर सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, सेमिस्टरचे काहीशे युरो भरायचे (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1500 युरो). पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे आजच्या भावाने बारा लाखांच्या आसपास, आणि राहण्याखाण्याला दर वर्षी तेवढे खरोखरच लागतात, कोर्स सहा वर्षं तीन महिन्यांचा आहे. पार्ट टाइम काम करता येतं, पण ॲनाटॉमी आणि बायोकेमिस्ट्री चालू असताना किती होणार.

गॅरंटी तर कोणीच देऊ शकत नाही. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी मेडिकलच्या शंभरातल्या पाच जागा असतात, त्यात भारत, सीरिया, व्हिएतनाम, इराण सगळे आले. भारतातल्या नुसत्या बारावीवर थेट प्रवेश नाही, आधी श्टुडिएनकोलेगचा, म्हणजे युनिव्हर्सिटीची तयारी करून घेणाऱ्या कॉलेजचा, एम-कोर्स (मेडिकलकडे जाणाऱ्यांचा) करायचा, सहसा दोन सेमिस्टर, त्याच्या प्रवेश परीक्षेलाच चांगलं जर्मन लागतं. बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स आणि जर्मन, शेवटी परीक्षा, आणि तिचे मार्क बारावीच्या मार्कांबरोबर धरून सीट ठरते. एम-कोर्सच्या माझ्या वर्गात सगळ्यांनाच मेडिसिन हवं होतं, आणि शेवटी बरेच जण फार्मसी, बायोलॉजीकडे गेले, हुशार मुलं होती सगळी.

आता भाषा. कोर्स पूर्ण जर्मनमधून, प्रवेशाला सी-वन लागतं (भाषेच्या पातळ्या ए-वनपासून सी-टूपर्यंत, ही वरून दुसरी). "तिकडे गेल्यावर येतेच" म्हणणाऱ्याचा मला खरंच राग येतो, कारण इथे चुकीच्या शब्दाने पेशंटचं नुकसान होतं. इथे पहिल्या स्टेट एक्झामच्या आधी तीन महिने नर्सिंगचं प्रॅक्टिकम सक्तीचं असतं, मी ते गावाकडच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये केलं. सकाळी सहाला ड्युटी, अंघोळी घालायच्या, चादरी बदलायच्या, बेडपॅन काढायचे, जेवण भरवायचं. एक आजोबा होते, शेतकरी, अस्सल हेसिश, म्हणजे इथली गावाकडची बोली, बोलायचे, एकदा पहाटे ते काहीतरी सांगत होते आणि मला दुखतंय एवढंच कळलं, पोटात की छातीत तेच कळेना. मी त्यांचा हात धरून विचारलं की बोटाने दाखवा, त्यांनी छातीवर ठेवलं, मी धावत सिस्टरला बोलावलं. त्या दिवसापासून मी वॉर्डच्या किचनमध्ये बसून सिस्टरांकडून त्यांची बोली शिकलो, कोर्सच्या पुस्तकात ती नसते.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एनएमसीचे (भारतातल्या मेडिकल शिक्षणावर देखरेख करणारा आयोग) नोव्हेंबर 2021 चे नियम आहेत, त्यात परदेशी डिग्रीसाठी किमान 54 महिन्यांचा कोर्स, तिथेच 12 महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात प्रॅक्टिस करता येईल असं रजिस्ट्रेशन, सगळं दहा वर्षांच्या आत, आणि शिकवण्याचं माध्यम इंग्रजी असं लिहिलेलं आहे. जर्मनीत सरकारी मेडिकल जर्मनमधून चालतं. म्हणजे इथे शिकून भारतात प्रॅक्टिस करायचा जो प्लॅन तुमच्या बहिणीला विकलाय तो पहिल्याच दिवशी अडकतो, मुलगा कितीही हुशार असला तरी. कन्सल्टंसीवाल्याला हा मुद्दा लेखी विचारायला सांगा.

ग., मारबुर्ग

---

ग. आणि वि.ताई,

मध्येच बोलतो. आमची मुलगी माइन्झला चौथ्या सेमिस्टरला आहे, पासपोर्ट भारतीय, पण पाचवीपासून शाळा इथे आणि आबिटुअर (इथली बारावी) इथलंच, त्यामुळे तिला पाच टक्क्यांच्या कोट्यात जावं लागलं नाही, जर्मन मुलांसारखंच होखशूलश्टार्ट या प्रवेशाच्या पोर्टलवरून अर्ज आणि टीएमएस ही मेडिकलची कल चाचणी. हे सांगतोय कारण लिस्टवर बऱ्याच जणांची मुलं अकरावी-बारावीत आहेत आणि आपला पासपोर्ट भारतीय म्हणून मेडिकल नाही असा गैरसमज मी दोन घरांत ऐकलाय.

नाशिकच्या मुलाच्या आईवडिलांना अभ्यासाचा ताणही सांगा. दोन वर्षांनी फिजिकुम, म्हणजे पहिली स्टेट एक्झाम, दोन दिवसांत 320 प्रश्न आणि वर तोंडी. नापास झालात तर अजून दोन संधी, तिसऱ्यांदाही गेली तर संपूर्ण जर्मनीत मेडिसिन बंद, दुसऱ्या शहरात जाऊन पुन्हा सुरू करता येत नाही. आमच्या घरी सध्या याशिवाय विषय नाही.

पण एक गोष्ट मला फार भावली ती लिहितो. ॲनाटॉमीच्या डिसेक्शनचा कोर्स संपला की देहदान केलेल्या माणसांसाठी विद्यार्थीच स्मरणसभा करतात, त्यांच्या घरच्यांना बोलावतात. मुलगी तिथे व्हायोलिन वाजवायला होती. कार्यक्रमानंतर एका बाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं की माझे यजमान शिक्षक होते, त्यांना हे आवडलं असतं. घरी येऊन ती बराच वेळ त्या बाईंबद्दलच बोलत होती.

श्री., माइन्झ

---

ग., श्री.काका, खूप खूप आभार. बहिणीला दोन्ही मेल्स जशाच्या तशा पाठवल्या. ॲडव्हान्स थांबवलाय. इंग्रजी माध्यमाबद्दल कन्सल्टंसीला विचारलं तर म्हणाले "ते आम्ही मॅनेज करतो", लेखी द्यायला मात्र तयार नाहीत.

आता भाच्याचं म्हणणं असं की मला भारतात परत यायचंच असं नाही, मला डॉक्टर व्हायचंय, जर्मनीत राहावं लागलं तरी चालेल. मेहुणे म्हणतात एकुलता एक आहे. मग आता काय सांगू? आणि जॉर्जिया वगैरे ठिकाणी इंग्रजीतून असतं म्हणतात ते बरं का?

वि.

---

ताई,

इंग्रजीतून आहे म्हणून भारताचे दरवाजे आपोआप उघडत नाहीत, बाकीच्या अटी तिथेही लागतात, आणि पेशंट तर जॉर्जियनच बोलणार, मग त्याची हिस्टरी घेणार कशी? परत आल्यावर एफएमजीई, 300 पैकी 150 हवेत, आणि बहुसंख्य मुलं त्यात नापास होतात हे दर सहा महिन्यांनी निकालात दिसतं, ती सुटली की पुन्हा भारतात वर्षभराची इंटर्नशिप. कुठल्याही देशाचं नाव आलं की त्या कॉलेजमधून पास झालेल्या भारतीय मुलाशी स्वतः बोला, एजंटने जोडून दिलेल्याशी नको. 2022 ला युक्रेनमधून हजारो मुलं अर्ध्या शिक्षणावर परत आली, त्यांच्या आईबापांचे हाल आठवा, त्यामुळे देशाचा विचार कॉलेजच्याही आधी करा.

भाच्याचं उत्तर मला आवडलं. त्याला जर्मनीतच डॉक्टर व्हायचं असेल तर हा रस्ता सरळ आहे, लांब आहे पण सरळ आहे, आणि डॉक्टर इथे हवेच आहेत, खेड्यांमध्ये तर फारच. फक्त हा निर्णय घरात बसून आत्ता घ्यायला हवा, मेहुण्यांसकट. सहा वर्षांनी घेऊन चालणार नाही. दुसरा पर्याय म्हणजे भारतात एमबीबीएस आणि मग इकडे स्पेशलायझेशन, माझ्या वॉर्डवर तसे दोघे भारतीय आहेत. फाखश्प्राखप्रुफुंग म्हणजे डॉक्टरी भाषेची परीक्षा द्यायची, पेशंटशी वीस मिनिटं, डॉक्टरचं पत्र लिहायला वीस आणि सिनिअर डॉक्टरशी वीस, मग केंटनिसप्रुफुंग म्हणजे वैद्यकीय ज्ञानाची परीक्षा, मग परवाना. भारताची डिग्री हातात राहते. अजून एकदा नीट द्यायची त्याची तयारी असेल तर मी हेच आधी सुचवीन.

आणि इकडेच यायचं ठरलं तर पैसे भरायची जागा एकच, पुण्याचं माक्सम्युलर भवन, जर्मन शिकवणारी संस्था. ए-वन पासून सुरू करू दे, बी-टू पर्यंत पोचायला एक वर्ष तरी धरा. सोबत नाशिकच्या एखाद्या हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉयबरोबर महिनाभर उभा राहू दे, बेडपॅन उचलताना त्याला कसं वाटतं ते त्याचं त्यालाच कळेल. श्टुडिएनकोलेगसाठी फ्रँकफर्ट आणि मारबुर्ग दोन्हीकडे अर्ज करू, उनि-असिस्टवर (परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज घेणारं पोर्टल) कागद कसे लावायचे ते मी दाखवतो, मार्कशीट आणि बोर्ड सर्टिफिकेट इंग्रजीत नसेल तर भाषांतर लागेल.

रविवारी भारतातले संध्याकाळी सहा वाजता मला वेळ आहे. त्याला आणि मेहुण्यांना दोघांनाही कॉलवर घ्या, मेहुण्यांशी मला आधी बोलायचंय.

ग.