'ड्रीम जॉब'ला मराठीत काय म्हणावं?
(सोलापूरकरांची चर्चा; बोलणाऱ्यांच्या नावांच्या जागी शहरातले भाग.)

बाळीवेस
आयटीआयच्या आणि वस्त्रोद्योग पदविकेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी एक चार पानी पत्रक मराठीत आणायचं आहे. इंग्रजी मथळ्याचा आशय असा, की ड्रीम जॉबपर्यंत पोचायचं तर पहिली तीन वर्षं काय करायचं. 'स्वप्नातली नोकरी' लिहिलं की स्वप्नात दिसलेली, जागेपणी नसलेली नोकरी वाटते. 'ड्रीम जॉब' तसंच ठेवावं तर फिटर-टर्नरच्या मुलांना जॉब म्हणजे व्हाइसमध्ये पकडलेला लोखंडाचा तुकडा. 'जॉब मापात बसला नाही', 'जॉब घासायचा राहिलाय' हे त्यांचं रोजचं बोलणं. त्यात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबवर लूम चालवणं म्हणजे दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर विणून देणं. पत्रकात हे तिन्ही अर्थ एका पानावर येतायत. सुचवा.

नवी पेठ
'ध्येयनोकरी' किंवा 'इष्टपद'. दोन्ही छोटे आणि मराठी व्याकरणात नीट बसणारे. इंग्रजी शब्द दारातून आत घेतला की त्याच्यामागून सगळं वाक्य इंग्रजी वळणाचं होतं. नवे शब्द रुळायला वेळ लागतो, पण कुणी वापरलेच नाहीत तर रुळणार कसे?

कन्ना चौक
इष्टपद शोधत कारखान्याच्या गेटवर गेलेल्या पोराला वॉचमन काय सांगणार? आणि शुद्धच हवं तर 'ध्येयनोकरी'तली नोकरीसुद्धा फारसीतून आलेली, त्याच्याही मागे मंगोल भाषेतला 'नोकोर' आहे, म्हणजे सोबती. पगार पोर्तुगीज. पगाराशिवायची नोकरी तुम्हालाही इष्ट वाटणार नाही.
माझं मत 'मनाजोगी नोकरी'. घराघरात बोलतात, अर्थ सांगावा लागत नाही.

सातरस्ता
'मनाजोगतं काम' का नको? नोकरीच का?

कन्ना चौक
कारण सोलापुरात 'कामाला लागला' आणि 'नोकरीला लागला' यांत फरक आहे. कामाला लागला म्हणजे रोजंदारी, आठवड्याचा हिशोब, उद्या बोलावलं तर जायचं. नोकरीला लागला म्हणजे कायम, फंड कापला जातो, लग्नाच्या बोलण्यात सांगता येतं. मुलांच्या मनात दुसरा अर्थ असतो, मथळ्यात तोच यायला हवा.

विजापूर रोड
मथळ्यातला खरा शब्द ड्रीमही नाही आणि जॉबही नाही. पत्रक तीन वर्षांविषयी आहे, आणि त्या वर्षांना मराठीत आधीच चांगला शब्द आहे : उमेदवारी. उमेद फारसी, उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. पुढे जागा मिळेल या आशेनं आधी हाताखाली राबायचं, ती उमेदवारी. 'उमेदवारीचा काळ' हे आपण आजही म्हणतो. १९६१च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यानं हाच शब्द उचलला, म्हणून अ‍ॅप्रेंटिसला मराठीत 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात.

पत्रकात हा शब्द आला तर त्याबरोबर पुढच्या गोष्टीही याव्यात, कारण मुलं नेमकी इथे फसतात. कारखाना 'ट्रेनी' म्हणून एक साधं पत्र देतो. मुलगा समजतो उमेदवारी सुरू झाली. शिकाऊ उमेदवारीचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असावा लागतो, त्यावर मुलाची आणि मालकाची सही लागते. नोंदणी नसेल तर वर्षभर राबूनही शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच करार क्रमांक मागून घ्यायचा. जिथे तीस किंवा जास्त माणसं कामाला आहेत त्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. लहान युनिटमध्ये 'आमच्यात तसलं काही नसतं' हे उत्तर म्हणून खरंही असू शकतं.

मिळतं त्याला पगार म्हणू नका. तो शब्द 'विद्यावेतन', आणि फरक नुसता नावाचा नाही. कायद्याच्या १८व्या कलमात शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. २२व्या कलमात मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं मालकावर बंधन नाही. आशा हा शब्दाचा अर्थच आहे, हमी नव्हे. मात्र काही ठिकाणी या प्रमाणपत्राला सरळ वजन आहे. रेल्वेच्या लेव्हल १ (सर्वांत खालच्या पदांच्या) भरतीत २० टक्के जागा रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी असतात. परीक्षा तरीही द्यावी लागते. कुर्डुवाडीचं वर्कशॉप डोळ्यांपुढे ठेवणाऱ्या मुलाला हे दहावीनंतर ट्रेड निवडतानाच कळलं पाहिजे.

सातरस्ता
अर्थ पटतो, पण आज 'उमेदवारी' म्हटलं की लोक म्हणतात कुठल्या प्रभागातून? 'उमेदवारी अर्ज', 'उमेदवारी मागे घेतली', 'बंडखोर उमेदवार'. बातम्यांनी हा शब्द पुरता ताब्यात घेतलाय. अठरा वर्षांच्या पोराला जुना अर्थ माहीत असेल असं धरून चालू नका.

विजापूर रोड
'उमेदवारीची तीन वर्षं' लिहा. तीन वर्षं कुणी अर्ज भरत बसत नाही. शेजारचा शब्द अर्थ ठरवतो.

जुनी मिल
मिलच्या काळात हे टप्पे शब्दांतच होते. बदली, मग कायम, मग जॉबर. बदली म्हणजे रोज पाळीच्या आधी गेटवर हजर राहायचं, कुणाचा खाडा पडला तर त्याच्या मागावर उभं राहायचं, कुणाचा पडला नाही तर परत. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, माणसं जोडणारा आणि पाळीचा जबाबदार, सगळं एकच. ज्याचा हात बसलाय आणि ज्याचं लोक ऐकतात तो जॉबर व्हायचा. 'जॉबर होणं' हा सोलापुरातला ड्रीम जॉबच होता की वो! १८७७ साली पहिली मिल निघाली तिथपासून हा शब्द इथे मुरलाय. त्याला इंग्रजी म्हणून बाहेर काढणार?

नवी पेठ
मुरला म्हणून तो मराठी झाला असेल, पण त्यामुळे 'जॉब'ला मराठी म्हणता येत नाही. आणि 'करिअर' तर अजिबात नको. 'कारकीर्द' आहे ना. त्यात कीर्ती आहे.

कन्ना चौक
कीर्तीचा काही संबंध नाही. फारसी 'कार' म्हणजे काम, 'कर्द' म्हणजे केलेलं. व्यापाऱ्याच्या कीर्द-खतावणीतली कीर्द तीच. म्हणून कारकीर्द मागे वळून बघताना शोभते : अमक्या राजाची, तमक्या आयुक्तांची. ज्यानं अजून फाइल हातात धरली नाही त्याची कारकीर्द कुठून सुरू करणार?

अक्कलकोट रोड
शब्द कुठलाही घ्या, पण पत्रकात नोकरीचं नुसतं नाव लिहून थांबू नका. पदविकेच्या वर्गात विचारलं तर निम्म्या मुलींचं उत्तर 'डिझायनर' असतं. सोलापुरात त्याचा अर्थ बहुतेक वेळा टॉवेलचा किंवा चादरीचा जकार्ड डिझायनर, म्हणजे विणून उमटणारी नक्षी आखणारा, आणि त्या खुर्चीकडे जाणारी वाट लूमशेडमधूनच जाते.

कारण सांगतो. टेरीत, म्हणजे टॉवेलच्या लूपदार कापडात, दोन ताणे (उभे धागे) असतात, एक जमिनीचा आणि एक पाइलचा, म्हणजे लूपचा. पिक म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा. तीन पिकांच्या टेरीत पहिल्या दोन पिकांना तो धागा ठोकणारी फणी कापडाच्या कडेपर्यंत येत नाही, थोडं अंतर सोडते. तिसऱ्याला पूर्ण पुढे येते, तिन्ही पिक एकत्र सरकतात आणि ढिला सोडलेला पाइलचा ताणा लूप होऊन उभा राहतो. ते सोडलेलं अंतर लूपची उंची ठरवतं. पाइलच्या बीमचा (ताणा गुंडाळलेल्या रुळाचा) ताण एकसारखा नसेल तर कुठे लूप उंच, कुठे बसके, आणि स्क्रीनवर सुरेख दिसलेलं फूल टॉवेलवर डागासारखं दिसतं. मालक डिझायनरला बोलतो, चूक बीमची असते. ज्यानं सहा महिने जॉबरच्या शेजारी उभं राहून हे पाहिलंय, त्यालाच चूक कुठली ते सांगता येतं.

दुसरी नेहमीची चूक मापाची. समजा सेंटिमीटरला पाइलचे १२ ताणे आणि लूपच्या ६ ओळी. चौकोनी ग्राफवर १२० बाय १२० घरांत वर्तुळ काढलं तर कापडावर ते १० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच येतं. ग्राफ आधी त्या प्रमाणात आखून घ्यावा लागतो. आणि एका घराची बारीक रेघ टेरीत काढूच नये, शेजारच्या लूपमध्ये बुडते.

मुलाखतीला रंगीत प्रिंटची फाइल नेण्यापेक्षा विणलेले आठ-दहा नमुने न्यावेत. प्रत्येकामागे सुताचा नंबर, ताणे, पिक, रिपीटचं (नक्षी पुन्हा सुरू होते त्या अंतराचं) माप आणि जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. जीएसएम काढायला प्रयोगशाळा लागत नाही. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा नेमका कापून ग्रॅममध्ये वजन करायचं आणि शंभरनं गुणायचं. ४.६ ग्रॅम आले तर ४६०. काटा मात्र शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा हवा. धुण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे लिहायचे, कारण टेरी आटते आणि आकडा वाढतो. हे दोन आकडे ज्या फाइलमध्ये असतात ती फाइल मालक खाली ठेवत नाही.

विजापूर रोड
फिटरच्या मुलांसाठी असंच एक घाला. २५ एच७ भोक म्हणजे व्यास २५.००० ते २५.०२१ मिमी. ०.०२ मिमीपर्यंतच वाचणाऱ्या व्हर्निअरनं ते तपासता येत नाही, प्लग गेज किंवा बोअर गेज लागतो. 'व्हर्निअरनं मापलं' असं मुलाखतीत सांगणारा तिथेच मागे पडतो. उमेदवारीत रोज एक ओळ लिहायची : काय बिघडलं, कशानं मापलं, कोणता भाग बदलला, मशीन किती वेळ बंद होतं. वर्षभरानं मुलाखतीत दाखवायला त्या वहीइतकं भक्कम दुसरं काही नसतं.

नवी पेठ
हे सगळं छान. पण पिक, लूप, बीम, गेज! मराठीत 'धोटा', 'फणी', 'माग' असे शब्द असताना हे कशाला? माग हा शब्दच बघा, संस्कृत 'मार्ग'. सुताचा मार्ग तो माग.

जुनी मिल
कुठलं हो. कानडीत 'मग्ग', तेलुगूत 'मग्गम', दोन्हींचा अर्थ हातमाग. पूर्व भागातल्या कुठल्याही तेलुगू विणकराच्या घरी विचारा. आपला माग त्यांच्याकडचा.

नवी पेठ
त्यांनी आपल्याकडून घेतला नाही कशावरून?

कन्ना चौक
दोन्ही द्राविडी भाषांत एकसारखा आणि हिंदीत त्याच यंत्राला 'करघा'. मार्गावरून आला असता तर उत्तरेत कुठेतरी दिसला असता.

सातरस्ता
धोट्याचं म्हणाल तर रेपियर लूमवर धोटा नसतोच. पट्टी किंवा सळई बाणा ओढून नेते. तिथे धोटा लिहिलं तर मुलगा चुकीचं शिकेल.

बाळीवेस
पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. सध्या 'मनाजोगी नोकरी आणि उमेदवारीची तीन वर्षं' असं लिहून ठेवलंय. करार क्रमांक, जीएसएमचा तुकडा आणि रोजची वही या तीन गोष्टी चौकटीत टाकते. 'रेपियर'ला शब्द असेल तर सांगा.

नवी पेठ
'शूलमाग'. रेपियर म्हणजे बारीक तलवार, तेव्हा 'खड्गमाग'ही चालेल.

जुनी मिल
रेपियरच लिहा ताई. आणि मागाचं मी म्हणतो तेच खरं, मग्गच.