आप्पांची मूठ उघडत नाही, पीएमआरचे डॉक्टर कुठे गाठायचे?

चोपड्याची लेक
नमस्कार. आमचे आप्पा ६३ वर्षांचे, चोपडा तालुक्यात केळीची शेती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लकवा मारला, डावी बाजू गेली. आठ महिने होत आले. पाय बऱ्यापैकी आला, काठी धरून ओट्यापर्यंत येतात. हाताचं उलटंच झालं. आधी लुळा होता, तो तिसऱ्या महिन्यापासून आखडत गेला. कोपर छातीशी, मूठ घट्ट. नखं तळहातात रुततात. ती कापायला मी आणि आई दोघी बसतो, एकीने बोटं उचलायची, दुसरीने नेलकटर घालायचं. आप्पा तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून असतात. ज्या खांद्यावरून आयुष्यभर घड वाहिले, त्याला आता हात लावू देत नाहीत. परवा म्हणाले, ‘हाऊ हात मना नही राह्यना आते.’

दवाखान्यातून सोडताना ‘मालिश करा, व्यायाम करा’ एवढंच सांगितलं होतं. आता फिजिओच्या ताई म्हणतात, पीएमआरच्या डॉक्टरांना दाखवा, या ताठरपणावर इंजेक्शन असतं. मोबाइलवर ‘रिहॅब’ टाकलं की व्यसनमुक्ती केंद्रंच येतात. हे डॉक्टर नेमके कोण? शोधायचे कसे? आणि आठ महिने गेले, उशीर झाला का?

भुसावळची सून
ताई, माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं. पीएमआर म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. एमबीबीएसनंतर त्यात एमडी किंवा डीएनबी केलेले डॉक्टर. पाटीवर ‘रिहॅब’ लिहिलंय म्हणून जाऊ नका, नावापुढची पदवी वाचा. आम्ही मुंबईला हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये नेलं. केंद्र सरकारची संस्था आहे, १९५५ पासूनची. डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे), स्प्लिंट म्हणजे हाताला आधाराची पट्टी बनवणारे, सगळे एकाच आवारात. जवळचं स्टेशन महालक्ष्मी, पण पेशंटला लोकलमध्ये चढवू नका, दादरहून टॅक्सी करा. डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची फिल्म आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. नुसती नावं सांगून भागत नाही. विदर्भाच्या बाजूला पाहुणे असतील तर नागपूरच्या एम्समध्येही हा विभाग आहे.

धुळ्याहून फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, आमची पदवी वेगळी. व्यायाम आम्ही घेतो, पण स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे तेच ताठरपणाचं इंजेक्शन, द्यायचं की नाही, कुठल्या स्नायूत, किती, हे पीएमआरचे डॉक्टर ठरवतात. काही न्यूरोचे डॉक्टरही देतात, तेव्हा जळगावात आधी त्यांनाच स्पष्ट विचारा. ‘हात बरा होईल का’ असं विचारू नका. ‘मूठ सैल होईल का, तळहात धुता येईल का, बाही चढवता येईल का’ असं विचारा. त्यासाठी आठ महिने म्हणजे उशीर नाही. इंजेक्शनचा गुण साधारण तीन महिने टिकतो आणि त्याच काळात ताण देणं आणि स्प्लिंट नेटाने करावं लागतं, नाहीतर पैसे वाया जातात. ताठरपणासाठी बॅक्लोफेनची गोळी चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका.

नखं कापताना बोटं ओढू नका. आधी मनगट तळहाताच्या बाजूला वाकवा, बोटं आपोआप ढिली पडतात. मग अंगठा बुडापासून धरून हळूच बाहेर घ्या, टोकाला धरून नाही. तळहात कोरडा करून मऊ सुती कापडाची गुंडाळी ठेवा. आणि उठवताना डाव्या काखेत हात घालून कधीही उचलू नका, तो हात ओढूही नका. लकव्यात स्नायू ढिले पडून खांदा उतरतो, अशा ओढाताणीने तो आणखी बिघडतो, दुखणंही वाढतं.

पारोळेकर
अपंगत्वाचा दाखला काढला का? यूडीआयडी म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, त्यासाठी ऑनलाइन अर्ज करून जळगावच्या सिव्हिलमध्ये तपासणीला जायचं. ४० टक्के किंवा जास्त भरलं तर योजनांना उपयोग होतो. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही डॉक्टरांकडून भरून घ्या. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अपंग माणसाला आणि सोबत्यालाही स्लीपरच्या भाड्यात ७५ टक्के सूट असते.

चोपड्याची लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काखेत हात घालून उचलायची ती मीच, रोज सकाळी. मला कुणी सांगितलंच नव्हतं. आजपासून बंद.

मनगट वाकवून बघितलं. अंगठा निघाला. आईने कोमट पाण्याने सगळा तळहात पुसला, रेषांमध्ये साचलेलं सुद्धा. आप्पांनी या वेळी तोंड फिरवलं नाही, बघत होते. मग म्हणाले, टोपी दे, आणि उजव्या हाताने स्वतःच घातली.

सोमवारी जळगावला न्यूरोच्या डॉक्टरांना तुम्ही सांगितलं तसं विचारते. तिथे जमलं नाही तर पोळा झाल्यावर मुंबई. भुसावळच्या ताई, हाजी अलीला पहिल्या दिवशी केसपेपरसाठी किती वाजता पोचायचं? आणि आप्पांना जिना चढवत नाही, आत व्हीलचेअर मिळते का?