गतीची तीन समीकरणं पहिल्याच दिवशी शिकवावीत का?

शून्यवेग
सरळ मुद्द्यावर येतो. बल आणि एकसमान त्वरण यांची गणितं सुरू झाली की तीन समीकरणं (v = u + at, s = ut + ½at², v² = u² + 2as; u सुरुवातीचा वेग, v अंतिम वेग, a त्वरण, t काळ, s विस्थापन) फळ्यावर येतात आणि विद्यार्थी ‘यात कुठलं लावू?’ एवढंच शोधत बसतो. माझं मत, ती आधी शिकवूच नयेत. वेग-काळ आलेख काढायला लावा. रेषेचा चढ म्हणजे त्वरण, रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. बास.

उदाहरण घ्या. १२०० किलोची गाडी ताशी ७२ किमी वेगाने जाताना ब्रेक लागले, ४० मीटरवर थांबली. ब्रेकचं बल किती? ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर. आलेखात २० वरून शून्याला उतरणारी रेष, खाली त्रिकोण. क्षेत्रफळ ४०, उंची २०, म्हणून पाया ४ सेकंद. चढ उणे ५. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, १२०० × ५ = ६००० न्यूटन, गतीच्या उलट दिशेने.

दशांश
असहमत. तिसऱ्या समीकरणाने हे एका ओळीत होतं: वेगाचा वर्ग ४००, भागिले अंतराची दुप्पट ८०, उत्तर ५. काळ विचारलेलाच नाही, मग तो काढायचा कशाला?

आणि ‘कुठलं लावू’ याला साधी युक्ती आहे. राशी पाचच: सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, काळ, विस्थापन. पहिल्या समीकरणात विस्थापन नसतं, दुसऱ्यात अंतिम वेग नसतो, तिसऱ्यात काळ नसतो. जी राशी दिलेलीही नाही आणि विचारलेलीही नाही, ती ज्यात गैरहजर असेल ते समीकरण उचला.

खरी माती होते एककांत. ७२ तसेच घातले तर त्वरण ६४.८ येतं, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सहापटीहून जास्त. ब्रेक लावून एवढं त्वरण साध्या गाडीला मिळत नाही, हे खटकायला हवं. आलेख काढूनही ही चूक टळत नाही, अक्षावर ७२ लिहिले की झालं.

शून्यवेग
एककांचं मान्य. पण आता त्याच गाडीबद्दल विचारा: ब्रेक लागल्यापासून ६ सेकंदांत किती अंतर गेली? दुसरं समीकरण सांगतं १२० वजा ९०, म्हणजे ३० मीटर. गाडी ४० मीटरवर थांबलेली, तरी अंतर ३०! समीकरणाने तिला गुपचूप मागे आणलं. आलेखात रेष ४ सेकंदांनी शून्याला टेकते आणि पेन्सिल तिथे थांबते. उत्तर ४०.

दशांश
पेन्सिल का थांबते? उभा वर फेकलेला चेंडू घ्या. त्याची रेषही शून्याला टेकते, पण तिथे थांबवली तर चेंडू हवेत लटकेल. रेष पुढे कशी जाणार हे आलेख आपणहून सांगत नाही.

कप्पीवाला
कारण ते बल सांगतं. तुम्ही दोघं त्वरण हातात आल्यावर भांडताय, मुलं अडकतात त्याच्या आधी.

गुळगुळीत टेबलावर ३ किलोचा ठोकळा, त्याची दोरी कप्पीवरून खाली, टोकाला २ किलोचं वजन. हमखास चूक: ‘दोरीतला ताण म्हणजे लटकलेलं वजन, २ × ९.८ = १९.६ न्यूटन’. तसं असेल तर लटकलेल्या वस्तूवरचं निव्वळ बल शून्य, म्हणजे सुटल्यावर ती जागची हलणारच नाही! दोन्ही वस्तू एकाच दोरीने बांधलेल्या, त्यामुळे त्वरणाचं मान एकच: १९.६ भागिले एकूण वस्तुमान ५, म्हणजे ३.९२. ताण ३ × ३.९२ = ११.७६ न्यूटन. पडताळा दुसऱ्या वस्तूवर घ्यायचा: १९.६ मधून ११.७६ गेले, उरले ७.८४, भागिले २ पुन्हा ३.९२.

म्हणून आधी प्रत्येक वस्तूची वेगळी आकृती. प्रत्येक बाणापाशी विचारा, हे बल कोण लावतंय? पृथ्वी, दोरी, टेबल असं उत्तर आलं नाही तर बाण खोडा. ‘वस्तुमान गुणिले त्वरण’ असा जो आगंतुक बाण मुलं काढतात, तो असाच जातो.

तिरकस
कप्पीवाल्यांना +१, पण आलेख टाकू नका. ३० अंशांचा उतार, घर्षणांक ०.२, ठोकळा सेकंदाला ६.६ मीटर वेगाने वर ढकलून सोडला. परत यायला किती वेळ?

वर जाताना घर्षण (त्वरणात साधारण १.७) आणि गुरुत्वाचा घटक (४.९) दोन्ही खाली, त्वरण ६.६. खाली येताना घर्षण उलटतं, ४.९ मधून १.७ वजा, त्वरण ३.२. एकच त्वरण धरून समीकरण लावलं तर २ सेकंद येतात, ते चूक. वर १ सेकंद लागतो आणि ३.३ मीटर अंतर जातं, उतरायला साधारण १.४४ सेकंद. एकूण २.४४. आलेखात रेष शून्यावर मोडते आणि चढ निम्म्यावर येतो, हे डोळ्यांना दिसतं.

अवांतर: यात वस्तुमान दिलेलं नाही म्हणून ‘प्रश्न चुकलाय’ म्हणणारे असतातच. अक्षरं शेवटपर्यंत ठेवली तर ते दोन्ही बाजूंनी कटताना दिसतं. आकडे आधी घालणाऱ्याला ते दिसायची सोयच नाही.

दशांश
अक्षरांचं पटलं. पण तुमचे १ आणि १.४४ सेकंद शेवटी समीकरणांनीच काढलेत ना?

शून्यवेग
१.४४ त्रिकोणाच्या क्षेत्रफळावरूनही येतात. पाया × पाया × ३.२ भागिले २ बरोबर ३.३. वर्गमूळ मात्र काढावं लागतं, तेवढं तुमचं.