बिन्यामीन : उजव्या हाताचा मुलगा की दक्षिणेचा?

अश्दोदकर
भाच्याला मुलगा झालाय. आठव्या दिवशी सुंता, नाव ठरलंय बिन्यामीन (मराठी बायबलात बन्यामीन). आमचं घर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी ज्यू, त्यामुळे मलिद्याच्या (आमच्या प्रार्थनेच्या नैवेद्याच्या) पोह्यांसाठी नारळ खवताना वाद सुरू झाला तोही मराठीतच. नावांच्या पुस्तकात अर्थ छापलेला असतो 'उजव्या हाताचा मुलगा'. मला तो पटत नाही.

हिब्रूत 'बेन' म्हणजे मुलगा, 'यामीन' म्हणजे उजवी बाजू. पण जुना हिब्रू माणूस दिशा सांगायचा ती उगवतीकडे तोंड करून. केदेम म्हणजे समोर आणि पूर्वही. अखोर म्हणजे मागे आणि पश्चिमही. मग उजव्या हाताला येते दक्षिण. आपल्याकडे वेगळं काय आहे? पूर्व म्हणजे पुढचा, पश्चिम म्हणजे मागचा आणि दक्षिण म्हणजे उजवा, म्हणून तर आपण देवाला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतो. बायबलातला बिन्यामीन हा याकोबाचा सगळ्यात धाकटा मुलगा. बाकीचे मुलगे वर उत्तरेला अराम देशात जन्मले, हा एकटाच कनान देशात, म्हणजे दक्षिणेला. अकराव्या शतकातला बायबलचा ज्यू भाष्यकार राशी हेच सांगतो. पुढे बिन्यामीन वंशाची जमीनही एफ्राइम वंशाच्या जमिनीच्या लगेच दक्षिणेला. शिवाय सीरियात मारी इथे १९३३पासून उत्खनन झालं, त्यात इ.स.पू. अठराव्या शतकातल्या मातीच्या पाट्यांवर 'यमिनाचे पुत्र' ही टोळी सापडली, म्हणजे दक्षिणेकडचे लोक. बाळाला मी 'दख्खनचा पोरगा' म्हणणार आहे.

जुनं_पान
दादा, दख्खन गोड आहे, पण पटलं नाही. मारीच्या पाट्यांवर 'पुत्र' हा शब्द सुमेरी चिन्हाने लिहिलाय. त्याचा उच्चार 'बिन' असणार हा अभ्यासकांनी लावलेला अंदाज आहे. ती टोळी फिरायची युफ्रातिसच्या काठाने, तिचा या वंशाशी संबंध कुणी सिद्ध केलेला नाही. आणि खालच्या यहूदा वंशाकडून पाहिलं तर बिन्यामीनाची जमीन उत्तरेला येते, त्याचं काय?

हे नाव ठेवणारा याकोब उजव्या हाताला किती मानतो ते बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ति ४८मध्ये बघा. याकोबाचा मुलगा योसेफ आपल्या दोन्ही मुलांना आशीर्वादासाठी बापापुढे आणतो, थोरला मनश्शे म्हाताऱ्याच्या उजवीकडे येईल असा उभा करतो. याकोब हातांची अढी घालून उजवा हात मुद्दाम धाकट्या एफ्राइमाच्या डोक्यावर ठेवतो. योसेफाला ते आवडत नाही, तो बापाचा हात धरून हलवायला बघतो. याकोब ऐकत नाही. असा माणूस शेंडेफळाला 'यामीन' म्हणेल तेव्हा त्याच्या मनात नकाशा असेल का?

बायबलातलं शास्ते हे पुस्तकही पाहा. एहूद हा बिन्यामीनाच्या वंशातला, त्याचं वर्णन 'उजवा हात बांधलेला', म्हणजे डावखुरा. त्याच वंशाचे सातशे डावखुरे गोफणवाले केसावर नेम धरायचे आणि चुकायचे नाहीत. उजव्या हाताच्या वंशात डावखुरे! लिहिणाऱ्याला या नावात हातच ऐकू येत होता.

राहेलची_लेक
तुम्ही दोघंही बापाने ठेवलेल्या नावावर भांडताय. त्याआधी आईने नाव ठेवलं होतं. एफ्राथ गावच्या वाटेवर याकोबाची बायको राहेल बाळंत झाली, जीव जाता जाता तिने बाळाला 'बेनओनी' म्हटलं, माझ्या दुःखाचा मुलगा. मग बापाने ते बदललं.

आणि राहेल कोण? 'मला मुलं दे, नाहीतर मी मरेन' असं नवऱ्याला म्हणणारी. थोरला झाला तेव्हा 'देव मला आणखी एक मुलगा देवो' म्हणून तिने त्याचं नाव योसेफ ठेवलं. म्हणजे धाकट्याची प्रार्थना थोरल्याच्या नावातच आहे. ती प्रार्थना फळली आणि त्यातच ती गेली. मी बाळंतिणीच्या वॉर्डात काम करते, मला ते वाक्य नुसतं व्याकरण म्हणून वाचता येत नाही. बाळाला नावाचा अर्थ सांगाल तेव्हा आधी बेनओनी सांगा.

जुनं_पान
ताई, बापाने पुसलं असं नाही. 'ओन'चा दुसरा अर्थ बळ. याकोब थोरल्या मुलाला, रऊबेनाला, 'माझ्या बळाचं पहिलं फळ' म्हणतो तिथे हाच शब्द आहे. तेराव्या शतकातला भाष्यकार रांबान म्हणतो की याकोबाने आईचाच शब्द घेतला, फक्त चांगल्या अर्थाने, कारण उजवा हात म्हणजे बळ. म्हणजे माझाच अर्थ बरोबर ठरतो.

राहेलची_लेक
रांबानही राहेलच्या तोंडी दुःखच ठेवतो, बळ ऐकलं ते नवऱ्याने. बायबलातल्या होशेयच्या पुस्तकात याच शब्दाने सुतकातली भाकरी सांगितली आहे. मरणारी बाई काय म्हणत होती ते मला स्पष्ट दिसतं.

अश्दोदकर
मारीचा मुद्दा मागे घेतो, तिथे मी घाई केली. डावखुऱ्यांचं मात्र विचारात पाडणारं आहे. तरी वंशाला हात ऐकू आला म्हणजे नाव तिथूनच निघालं असं होत नाही. लोक जुन्या नावात नवा अर्थ ऐकतातच. शोमरोनी (समॅरिटन) लोकांच्या तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या त्यांच्या प्रतीत, तर हे नाव 'बिन्यामीम' आहे, दिवसांचा मुलगा, म्हणजे म्हातारपणी झालेला. राशी तोही अर्थ देतो. मी दक्षिणेवर ठाम आहे.

ताई, सुंतेच्या वेळी नाव पुकारतात ते 'अमक्याचा मुलगा' म्हणून बापाच्या नावाने. आईचं नाव त्यात येत नाही. तुमचं वाचून मी भाच्याच्या बायकोला फोन केला. बेनओनीची गोष्ट तिला माहीत होती. म्हणाली, 'मामा, मलिद्याच्या ताटाशी बसाल तेव्हा सांगा, पण मी उठून बसलेली असताना सांगा.'

जुनं_पान
सांगा जरूर. आणि त्याच बैठकीत उत्पत्ति ४८सुद्धा वाचून दाखवा, याकोब हात काढत नाही तिथपर्यंत.