धसका आणि धास्ती: अर्थ एकच का?

प्रश्न : आमच्या सांगलीत ‘आईनं पुराचा धसका घेतलाय’ असं म्हणतात. बातम्यांत ‘पुराची धास्ती’ असतं. दोन्ही एकच का?

उत्तर : नाही, आणि हा फरक जपण्यासारखा आहे. धास्ती पुढं काय होणार याची. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी ४० फुटांवर गेली, की ४५ ही धोक्याची पातळी गाठायच्या आतच गावभागातली माणसं सामान माडीवर चढवायला लागतात, ती धास्तीपोटी. धसका मात्र घडून गेलेल्याचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा जे बोटीतून बाहेर पडले, त्यांतल्या कुणाला आजही बोटीच्या इंजिनाचा नुसता आवाज आला तरी धस्स होतं. तो धसका.

‘बसणं’ हे क्रियापदही बघा. धसका बसतो, आणि पाठांतरही डोक्यात बसतं. मेंदूतही या दोन्हींचा संबंध आहे. माणूस घाबरला की अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात. अॅड्रेनलिन रक्तातून मेंदूत सहसा शिरत नाही; त्याची वर्दी व्हेगस मज्जातंतूमार्फत पोचते आणि मेंदूत नॉरअॅड्रेनलिन सुटतं. त्यामुळं अमिग्डाला हा भीती ओळखणारा भाग जागा होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, त्या वेळची आठवण घट्ट होते. १९९४ मध्ये लॅरी केहिल, जेम्स मॅकगॉ या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे अॅड्रेनलिनचा परिणाम अडवणारं औषध देऊन मुलाच्या अपघाताची गोष्ट दाखवली. आठवड्यानं विचारलं, तर त्यांना तिचा भावनिक भाग इतरांपेक्षा कमी आठवला. अपघात नसलेल्या साध्या गोष्टीच्या आठवणीत मात्र फरक पडला नव्हता.

प्रश्न : मग ‘परीक्षेचा धसका’ कसं चालतं? परीक्षा तर पुढं असते. आणि ताणानं आठवण पक्की होत असेल, तर पेपर हातात आल्यावर पाठ केलेलंही का आठवत नाही?

उत्तर : आधी एकदा पोळलेला मुलगा परीक्षेचा धसका घेतो, तिथं शब्द बरोबरच आहे. पहिल्यांदाच बसणाऱ्याला धास्ती म्हणावी.

दुसरं असं, की साठवणं वेगळं आणि ऐनवेळी काढणं वेगळं. ताणात कॉर्टिसोल हे आणखी एक संप्रेरकही वाढतं. ते नुकतं घडलेलं पक्कं करायला हातभार लावतं, पण आधीचं साठवलेलं आठवायच्या आड येतं. २००० साली झालेल्या एका प्रयोगात शब्द पाठ केलेल्या लोकांना दुसऱ्या दिवशी, आठवायच्या आधी, कॉर्टिसोनची (शरीरात त्याचं कॉर्टिसोल होतं) गोळी दिली. त्यांना कमी शब्द आठवले. तेव्हा ‘सगळं येत होतं, पण सुचेना’ म्हणणाऱ्या पोराला कृपा करून खोटं पाडू नका.

आणि ‘पातळी वाढल्याने नागरिकांना धसका’ असा मथळा दिसला, तर तिथं ‘धास्ती’च हवी.