विडंबनात वृत्त मोडलं की विनोदही मोडतो. पटतं का?

लघुगुरू

हल्ली फिरणारी विडंबनं बघा. पहिली ओळ ओळखीची, दुसरी कशीबशी चालीत, आणि तिसरीपासून सगळं मोकळं रान. विचारलं तर उत्तर तयार असतं, 'अहो, गंमत आहे, वृत्त कसलं बघताय?' माझं म्हणणं उलट आहे. विडंबनातली गंमत येते ती भारदस्त साच्यात क्षुल्लक गोष्ट बसवल्याने. साचाच मोडला तर उरते फक्त क्षुल्लक गोष्ट.

मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात घेऊ. ओळीत १२ अक्षरं, चार 'य' गण, म्हणजे लघु-गुरू-गुरू चार वेळा, एकूण २० मात्रा (लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षर, एक मात्रा; गुरू म्हणजे दीर्घ किंवा आघात आलेलं जोडाक्षराआधीचं अक्षर, दोन मात्रा). चारही ओळींना एकच यमक. आता हे:

सकाळी उठोनी फुले पाठवावी
न पाही कुणी ती तरी साठवावी
भरे फोन सारा, जुनी ना पुसावी
मना सज्जना ती पुन्हा दाखवावी

काव्य म्हणून याची किंमत शून्य, पण कान अडखळत नाही. ('पुन्हा'तला 'पु' लघुच धरायचा. 'न्हा'चा आघात मागच्या अक्षरावर येत नाही, त्यामुळे तिथे शंका नको.) आता दुसरी ओळ बदलून 'कुणी बघो न बघो, साठवून ठेवावी' अशी करा. अर्थ तोच. पण अक्षरं १४, मात्रा २२, आणि तिसऱ्याच अक्षराला, जिथे गुरू हवा तिथे, 'ब' हा लघु. तोंड तिथेच अडकतं आणि वाचणारा हसायच्या ऐवजी ओळ परत वाचायला लागतो. परत वाचावा लागलेला विनोद मेला म्हणून समजा.

मुक्तछंदी

तुमचा श्लोक सफाईदार आहे, पण तुमचा नियम तुम्हाला कुठे नेतो ते बघा. भुजंगप्रयातात लागोपाठ दोनांहून जास्त गुरू येत नाहीत. मग 'मोबाईल' (गा गा गा ल; 'गा' म्हणजे गुरू, 'ल' म्हणजे लघु) त्यात जन्मात बसणार नाही. 'चार्जर' नाही, कारण 'र्ज' आणि 'र' हे दोन लघु शेजारी येतात. 'पासवर्ड' नाही, 'रिचार्ज' नाही. तुम्ही 'फोन' लिहिलंत ते निवडून नव्हे, नाइलाजाने. ज्या गोष्टींची टिंगल करायची त्यांचे शब्दच साच्याबाहेर राहतात, आणि मग 'उठोनी', 'न पाही' असली आजोबांच्या काळातली क्रियापदं भरावी लागतात.

दुसरं म्हणजे, सगळ्या साहित्याला वृत्त असतं का? मुक्तछंदातल्या कवितेचं विडंबन करायचं तर मोजणार काय? तिथे लकबी पकडाव्या लागतात. एकाच शब्दाची ओळ, मधेच तीन टिंबं, 'अस्तित्व', 'पोकळी', 'काळोख' या तिघांची ये-जा, आणि शेवटी कंसातली एक गूढ ओळ. राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' या टोपणनावाने 'कवींचा कारखाना' काढला तो मुळात गद्य लेख. कवी कसा तयार होतो याचीच त्यात टर आहे. त्यासाठी कुठल्या एका कवितेच्या मात्रा मोजायची गरज पडली नाही.

टाळकरी

दोघंही कागदावर भांडताय. विडंबन बहुतेक वेळा गायलं जातं, आणि गाताना हिशेब वेगळा असतो.

भावगीत किंवा सिनेमागीत अक्षरगणवृत्तात (लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्तात) क्वचितच असतं, बहुधा मात्रांवर चालतं. त्यामुळे मुक्तछंदींचा 'मोबाईल' तिथे आरामात बसतो. पादाकुलक या मात्रावृत्ताच्या ८+८ मात्रा घ्या:

मोबाईल न सापडला तर
घरभर चाले शोध निरंतर

बसलं की नाही? म्हणजे अडचण वृत्ताची नाही, चुकीचं वृत्त निवडण्याची आहे. आजचा विषय आणि इंग्रजी शब्द जास्त असतील तर मात्रावृत्त किंवा अभंग घ्यावा. मोठ्या अभंगाला तर लघु-गुरूचंही बंधन नाही, नुसती ६-६-६-४ अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक:

बॅटरी संपली । धास्तावला जीव ।
येईना रे कीव । चार्जराला ॥

पण गाताना जे खरं बिघडतं त्याबद्दल कोणीच बोलत नाही. मूळ गाण्यात लांब ताण असलेल्या सुरावर बहुधा 'आ', 'ई' किंवा 'ए' असतो, कारण गळा तिथे उघडा हवा. विडंबनकार मात्रा बरोबर मोजतो आणि नेमका तिथे 'मार्केट' ठेवतो. मग गाणारा 'मार्के' वर चार मात्रा थांबतो, 'ट' पुढच्या ओळीत सांडतो, ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. मात्रा बरोबर असूनही ओळ फसलेली. तेव्हा लिहिण्याआधी मूळ गाण्यातले ताणाचे सूर शोधावेत, त्यावर कोणता स्वर आहे ते लिहून ठेवावं, आणि आपला शब्द त्याच किंवा जवळच्या स्वरावर संपवावा. दुसरी जागा समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची. ज्या शब्दावर हशा हवा तो समेवर पडला पाहिजे. एक मात्रा आधी आला तर लोकांच्या हातून निसटतो.

खडीसाखर

तुम्ही तिघंही वेगळ्याच गोष्टीला विडंबन म्हणताय, असं मला वाटतं. लघुगुरूंच्या श्लोकात रामदासांबद्दल काय आहे? काहीच नाही. टिंगल सकाळी फुलांची चित्रं पाठवणाऱ्यांची आहे. मनाचे श्लोक फक्त भाड्याने घेतलेत. हे चालीवर लिहिलेलं गाणं झालं, विडंबन नव्हे.

अत्र्यांनी 'केशवकुमार' नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' काढली तेव्हा समोर नेमकं लक्ष्य होतं. रविकिरण मंडळ हा कवींचा गट १९२३ मध्ये पुण्यात उभा राहिला होता, माधव जूलियनांचे फारसी शब्द, प्रेयसीला घातलेल्या हाका, कवींनी एकमेकांचं केलेलं कौतुक, हे सगळं वाचकाला पाठ होतं. टपली कवितेलाच बसत होती. मूळ कवितेविषयी काहीतरी कळलं पाहिजे, ही माझी कसोटी. महागाई, खड्डे, लोकल यांवर कुठलीही चाल चालते. म्हणजेच ती विशिष्ट चाल का निवडली याला उत्तर नसतं.

लघुगुरू

@मुक्तछंदी, 'उठोनी' हा नाइलाज नाही, तोच विनोद आहे. 'सकाळी उठून फुलं पाठवा' म्हटलं तर ती सूचना झाली. 'उठोनी' म्हटलं की उपदेश होतो, आणि उपदेश फुलांच्या चित्राचा असल्यामुळे हसू येतं. मुक्तछंदाबद्दलचं म्हणणं मान्य, पण तिथेही तुम्ही साचाच पाळायला सांगताय, फक्त तो मात्रांऐवजी लकबींचा. टिंबं दोन केलीत आणि कंसातली ओळ गाळलीत तर तेही फसेल.

@खडीसाखर, इथे मी हटणार नाही. 'जावे', 'करावे', 'द्यावे' ही क्रियापदाची आज्ञावजा रूपं मनाच्या श्लोकांचा प्राण आहेत. माझ्या चारही ओळी 'वी'वर संपतात ते उगाच नाही. कुठल्याही गोष्टीचा उपदेश करता येतो आणि तो छान वाटतो, हीच टपली आहे. मूळ शैलीवरच आहे ती.

खडीसाखर

इतकी हलकी टपली की ज्याला बसली त्याला कळली नाही. तुम्हाला समजावून सांगावी लागली यातच आलं.

मुक्तछंदी

पण खडीसाखर, तुमच्या कसोटीवर अत्रेसुद्धा आज नापास होतील. 'परिटा, येशिल कधि परतून?' ही ओळ ज्यांना येते त्यातले किती जण त्या काळच्या प्रेमकविता वाचून बसलेत? मूळ माहीत नसताना लोक शंभर वर्षांनी हसतात. म्हणजे कपडे घेऊन गेलेल्या परिटाची विरहिणीसारखी वाट पाहणं हेच पुरेसं आहे. अमेरिकेतला 'विअर्ड अल' यान्कोविक घ्या. १९८४ साली मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'चं त्याने 'ईट इट' केलं. मूळ गाण्यावर टीका शून्य, सगळं जेवणावर. ते विडंबन नाही म्हणणार?

खडीसाखर

परिटाच्या ओळीत प्रेमकवितेचा सूर इतका उघड आहे की मूळ एकच कविता माहीत असायची गरज नाही, तो सूर माहीत असला की झालं. आणि तो मराठी माणसाला अजूनही माहीत आहे. यान्कोविकच्या गाण्याला मी चांगलं गाणं म्हणेन. शिवाय तो मूळ कलाकाराची परवानगी मागतो, ही त्याची जाहीर रीत आहे. ज्याची टर उडवायची त्याची परवानगी मागून कोणी टर उडवतं का?

पडद्यामागे

परवानगीचा विषय निघालाच आहे तर हा भेद नुसता साहित्यिक नाही, कोर्टातही चालतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली 'ओ, प्रिटी वुमन' या गाण्याच्या खटल्यात जवळजवळ खडीसाखर म्हणतात तेच सांगितलं. मूळ कृतीवर भाष्य करायचं तर मूळचा काही भाग घ्यावाच लागतो, पण दुसऱ्याच विषयावर टीका करायची तर ती चाल का उचलली याचं समर्थन लेखकाने द्यायचं.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाचं नावच नाही. आधार घ्यायचा तो कलम ५२ चा: टीका किंवा समीक्षेसाठी केलेला रास्त वापर. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन यांच्या प्रतिनाटकाला याच आधारावर वाचवलं. तोप्पिल भासींच्या नाटकातली पात्रं आणि संवाद त्यात घेतले होते, पण उद्देश मूळ नाटकाच्या राजकारणावर टीका हा होता. म्हणजे लक्ष्य मूळ कृती असेल तर तुमची बाजू बळकट. खड्ड्यांवरचं गाणं त्या चौकटीत ओढूनताणूनच बसतं.

प्रत्यक्षात लोक कुठे अडकतात? गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. विडंबनकार शब्द बदलतो आणि समजतो की सुटलो. चाल तीच असते, आणि मागे कराओके ट्रॅक लावला तर त्याच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क तिसऱ्याच कोणाचा तरी असतो. व्हिडिओ खाली येतो तो बहुधा या ट्रॅकमुळे, शब्दांमुळे नव्हे. पेटी-तबला स्वतः वाजवून घेतला तर निदान तेवढी एक कटकट मिटते. कव्हर गाण्याची (तेच गाणं नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित करण्याची) कायदेशीर सोय कलम ३१सी मध्ये आहे, पण तिथे मूळ शब्दांत किंवा चालीत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, त्यामुळे विडंबनाला तिचा उपयोग नाही. शिवाय कलम ५७ आहे. कृतीची विकृती करून लेखकाच्या प्रतिष्ठेला धक्का लावल्याचा दावा लेखक करू शकतो, कॉपीराइट विकून टाकलेला असला तरी.

मुदत म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अत्रे १९६९ मध्ये गेले, तेव्हा त्यांची विडंबनंसुद्धा अजून हक्कात आहेत. रामदासांची अर्थातच काळजी नाही.

नवखा_लेखणीवाला

सगळं वाचलं. पण लिहायला बसल्यावर सुरुवात कुठून करायची? पहिल्या ओळीपासून लिहीत गेलं की तिसऱ्या कडव्यात दम संपतो.

लघुगुरू

तिसरं कडवं लिहूच नका. दोन पुरे, फार तर तीन, आणि तिसऱ्यात काही नवीन घडत असेल तरच. काम उलटं करायचं. आधी शेवटच्या ओळीचा शेवटचा शब्द ठरवा, कारण हशा तिथे पिकतो. मग त्याला जुळणारी पाच-सहा यमकं लिहून काढा. चार सापडत नसतील तर शब्द बदला. मग पहिली ओळ: मूळचीच ठेवा, एखाददुसरा शब्द फिरवा, नाहीतर वाचणाऱ्याला ओळख पटत नाही. मधल्या ओळी सगळ्यात शेवटी. मात्रा कमी पडल्या म्हणून 'हो', 'रे', 'ना', 'च' भरायचा मोह होतो. ओळीत असा एक चालतो, दोन झाले की भरती कळते.

टाळकरी

'रे'बद्दल आपण बोलू नये, तुमच्या अभंगवाल्या मित्राने म्हणजे मीच वर 'येईना रे' लिहिलंय. अभंगात चालतं. :)

नवख्यांसाठी एक सोपी कसरत: मंगलाष्टकाचं ध्रुपद. वृत्त शार्दूलविक्रीडित, १९ अक्षरं, बाराव्यावर यती (थांबा). यतीनंतरची सात अक्षरं 'कुर्यात् सदा मंगलम्', म्हणजे गा गा ल, गा गा ल, गा. त्या जागी 'जेवा तरी लौकरी' म्हणून बघा. हुबेहूब बसतं, भटजींच्या सुरातही. मग 'आता जेवायला चला' म्हणा. आठ अक्षरं, तिसरं गुरू, आणि अक्षता हातात धरून सगळा मांडव खोळंबला.

मुक्तछंदी

खोळंबला तर काय बिघडलं? अंतरपाटासमोर सूर मोडून कोणी 'आता जेवायला चला' म्हटलं तर लोक 'लौकरी'पेक्षा जास्त हसतील. गंभीर विधीत मधेच साधं बोलणं घुसलं की त्याचाच विनोद होतो. तमाशाच्या बतावणीतला सोंगाड्या हेच करतो: चालू सूर तोडतो आणि बोलीत उत्तर देतो.

लघुगुरू

सोंगाड्याला तोडता येतं, कारण समोरचा सरदार सूर धरून असतो. आधीच्या तीन ओळी नेमक्या म्हणा आणि चौथी मोडा, मी टाळी देईन. पण पहिल्याच ओळीपासून मोडलेलं असेल तर मोडलं हे कळणार कोणाला?

मुक्तछंदी

म्हणजे मोडायला तुमची हरकत नाही, फक्त चौथ्या ओळीपर्यंत थांबायचं. मथळा बदला मग.

लघुगुरू

मथळा राहू दे. तुमचं चौथ्या ओळीत मोडलेलं एखादं विडंबन टाका इथे, मूळ ओळींसकट. मात्रा मी मोजतो.