दुकानाच्या बोर्डावर महापालिकेची नोटीस, सात दिवसांची मुदत. मदत हवी आहे

शटर_अर्धे
नमस्कार मंडळी. दुकानाच्या बोर्डाला महापालिकेची नोटीस आली आहे. विनापरवाना फलक आहे, सात दिवसांत काढा, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू, असं लिहिलंय. दुकान आमचं, जागा आमची, बोर्डावर नावही आमच्याच दुकानाचं. दुसऱ्या कुणाची जाहिरात नाही. आजूबाजूला सगळ्यांचे बोर्ड आहेत, त्यांना काही नाही. स्वतःच्या दुकानाच्या नावाला परवाना लागतो का? लागत असेल तर कुठे मिळतो आणि किती पैसे? लवकर सांगा, दिवस कमी आहेत.

घाटमाथा
कुठली महापालिका? मुंबई असेल तर १८८८ चा कायदा, कलम ३२८ आणि ३२८अ. बाकी महापालिकांना १९४९ चा अधिनियम, कलम २४४ आणि २४५, आणि त्याखाली २०२२ चे आकाशचिन्ह व जाहिरात नियम. नोटिशीत कलम असतंच, ते टाका. बोर्ड केवढा आहे, नेमका कुठे लावलाय आणि त्यात दिवे आहेत का, हे कळल्याशिवाय कुणीही दिलेलं उत्तर अंदाजच असेल.

मायबोलीचा_पाईक
बोर्डावर मराठी आहे का, ते आधी बघा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आहे. सुरुवातीलाच देवनागरीत नाव हवं, आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या कुठल्याही भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. इंग्रजी नाव दोन फुटी आणि खाली कोपऱ्यात चार इंची मराठी.

घाटमाथा
@पाईक, मुद्दा बरोबर आहे, पण त्यांना आलेली नोटीस त्याची नाही. मराठी पाटीचा नियम दुकाने व आस्थापना कायद्यातला. मुंबईत तो महापालिकेचं दुकाने खातं बघतं, बाहेर कामगार आयुक्तांचं कार्यालय. "विनापरवाना फलक" ही भाषा आकाशचिन्ह विभागाची.

शटर_अर्धे
मुंबई नाही. शहराचं नाव नको, बाकी सगळं सांगतो. नोटिशीत कलम २४४, २४५ लिहिलंय. बोर्ड १४ फूट रुंद, ४ फूट उंच. मराठी आहे, मोठं आहे. परवाना कुठे काढायचा तेवढं सांगा ना.

करमुक्त
काढू नका परवाना! १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जाहिरात कर संपला. घटनेच्या १०१ व्या दुरुस्तीने राज्यसूचीतली नोंद ५५, म्हणजे जाहिरातीवरचा कर, हीच वगळली आहे. महापालिकेला जाहिरातीवर पैसे घ्यायचा अधिकारच उरलेला नाही. असं लेखी उत्तर द्या, नोटीस गप्प बसेल.

अ‍ॅड_हरकत
@करमुक्त, हा सल्ला ऐकून त्यांचा बोर्ड जाईल. संपला तो जाहिरात कर. परवानगी घेण्याचं बंधन २४४-२४५ मध्ये जसंच्या तसं आहे, आणि लेखी परवानगीसाठी शुल्क आकारण्याची तरतूद कलम ३८६ मध्ये आहे. कर आणि परवाना शुल्क या वेगळ्या गोष्टी आहेत. शुल्क किती असावं यावर भांडण होऊ शकतं, पण परवानगीच लागत नाही असं लिहून दिलंत तर विनापरवाना असल्याची ती लेखी कबुली ठरेल.

आता मूळ प्रश्न. कलम २४५ च्या परंतुकात (अपवादाच्या वाक्यात) तुमच्यासारख्यांना सूट आहे. त्याच जागेत चालणाऱ्या व्यवसायाची पाटी असेल तर परवानगी लागत नाही. पण त्या सुटीला दोन अटी आहेत: पाटी प्रकाशित नको आणि ती आकाशचिन्ह नको. म्हणून घाटमाथा दिव्यांचं विचारत होते.

शटर_अर्धे
दिवे आहेत. एलईडी. अक्षरांच्या आत. आजकाल दिव्याशिवाय कोण बोर्ड लावतं? आणि आकाशचिन्ह म्हणजे होर्डिंग ना? आमचं होर्डिंग नाही.

घाटमाथा
नाही, होर्डिंग असायची गरज नाही. बोर्ड भिंतीवर सपाट आहे की गच्चीच्या कठड्यावर?

शटर_अर्धे
कठड्यावर. दुकान एकमजलीच आहे, शटरच्या वर स्लॅब, त्यावर कठडा, कठड्यावर पाइपची चौकट आणि तिला अक्षरं. पाठीमागे काही नाही, नुसती अक्षरं. त्यामुळेच उठून दिसतं.

अ‍ॅड_हरकत
मग चित्र स्पष्ट झालं. खांब, चौकट अशा आधारावर इमारतीच्या वर उभारलेली आणि रस्त्यावरच्या कुठल्याही ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी जाहिरात म्हणजे आकाशचिन्ह. व्याख्येत फुगेसुद्धा येतात. कठड्यावर पक्का बसवलेला फलक त्यातून वगळलाय, पण तो सलग पृष्ठभागाचा हवा, आरपार दिसणारा नको, आणि कठड्याच्या वर साधारण ३ फुटांपेक्षा जास्त जाता कामा नये. तुमची अक्षरं आरपार आहेत, वर दिवेही आहेत. म्हणजे आकाशचिन्हांचं २४४ पण लागलं आणि २४५ ची सूट पण गेली. शेजाऱ्यांचे बोर्ड बहुधा शटरच्या वर भिंतीला सपाट असतील.

झटपट_फ्लेक्स
सोपं आहे. चौकटीला पाठीमागून ३ मिमी एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकचा पत्रा) मारा, म्हणजे सलग पृष्ठभाग झाला. वरची कड कठड्यापासून ३ फुटांच्या आत आणा. एलईडीचं कनेक्शन काढा. झाला साधा बोर्ड, परवाना नको. १४ बाय ३ म्हणजे ४२ चौरस फूट, एका दिवसाचं काम.

लोखंडी_चौकट
@झटपट, हे अजिबात करू नका. कायद्याच्या दृष्टीने जमेल, पण बोर्ड खाली येईल.

आरपार अक्षरांतून वारा निघून जातो. मागे शीट मारली की तेच शीड होतं. आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे पुण्याकडे मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद, मुंबईत ४४. दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ३९ ला चौरस मीटरला साधारण ९१३ न्यूटन, ४४ ला ११६२. आत्ताची १४ बाय ४ ची चौकट झाकली तर ५.२ चौरस मीटर, म्हणजे ४८० किलोच्या आसपास आडवा जोर, मुंबईसारख्या ठिकाणी ६१५. ३ फुटांवर आणली तरी ३६० किलो. शिवाय आकाराचा गुणक वेगळा लागतो, तो उघड्या फलकाला हा आकडा वाढवतोच.

आणि हा जोर घेणार कोण? गच्चीचा कठडा बहुतेक ठिकाणी साडेचार इंची वीटकाम असतं, वर प्लास्टर. विटेत ताण घ्यायची ताकद नसते. चौकटीचे पाय कठड्याच्या माथ्यावर फास्टनरने (भोकात घट्ट बसणाऱ्या बोल्टने) बसवले असतील तर पहिल्या वादळात फास्टनर विटेसकट उपटतो. बोर्ड एकटा पडत नाही, कठडाही घेऊन पडतो, आणि खाली फुटपाथ असतो. एप्रिल २०२३ मध्ये किवळ्याला होर्डिंग पडून पाच जण गेले, १३ मे २०२४ ला घाटकोपरला सतरा. तुमचा बोर्ड त्यांच्या मानाने लहान आहे, पण खाली उभ्या असलेल्या माणसाला तेवढाही पुरतो.

झटपट_फ्लेक्स
गावभर कठड्यावर एसीपीचे बोर्ड आहेत, ते कुठे पडतात? मागून तिरके टेकू दिले की झालं.

लोखंडी_चौकट
टेकू दिले तर ते स्लॅबमध्ये धरायला हवेत, कठड्यात नाही. स्लॅबला भोक पाडलं की वॉटरप्रूफिंग गेलं, दोन पावसाळ्यांत बेसप्लेटखाली गंज आणि दुकानात गळती. त्यासाठी आरसीसी (सळईच्या काँक्रीटचं) पेडेस्टल, म्हणजे ठोकळा, ओतावा लागतो. एवढा खर्च करण्यापेक्षा बोर्ड खाली आणा.

शटरच्या वर आरसीसी बीम असतं, तिथे सपाट बसवा. रुंदी १४ फूट ठेवा, उंची अडीच फूट. २५ बाय २५ मिमी चौकोनी पाइप, जाडी २ मिमी, उभे पाइप अडीच फुटांवर. १० मिमीचे अँकर फास्टनर, वर चार आणि खाली चार, बीममध्ये किमान ७० मिमी आत, कडेपासून १०० मिमी सोडून. ड्रिल करताना आधी लाल भुकटी आली म्हणजे वीट आहे, तिथे फास्टनर नको. सिपोरेक्स (हलक्या काँक्रीटचे ब्लॉक) असेल तर पांढरी, मऊ भुकटी येते, तिथे तर मुळीच नको. वेल्डिंगच्या जागी रेड ऑक्साइड मारल्याशिवाय शीट चढवू देऊ नका, गंज तिथूनच सुरू होतो. बोर्डाच्या पेटीच्या तळाला पाणी निघायला भोकं ठेवा.

आवक_जावक
बोर्ड कुठे हलवायचा ते नंतर ठरवा, आधी मुदत सांभाळा. नोटिशीला मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या आणि आवक शिक्का, क्रमांक, तारीख असलेली पोच घ्या. तोंडी बोलणं कागदावर राहत नाही. उत्तरात तीन गोष्टी लिहा: कठड्यावरचा फलक अमुक तारखेपर्यंत स्वतः उतरवत आहे, भिंतीवरच्या फलकासाठी परवानगीचा अर्ज सोबत आहे, आणि तोपर्यंत कारवाई करू नये. सोबत शॉप अ‍ॅक्टची सूचना पावती किंवा नोंदणी, मालमत्ता कराची चालू पावती, मोजमापांसह समोरून आणि बाजूने फोटो, नव्या फलकाचा आराखडा. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार आणि मालकाचं ना हरकत. सोसायटीच्या इमारतीत असेल तर सोसायटीचंही.

शटर_अर्धे
जागा वडिलांच्या नावावर आहे, सोसायटी नाही. दिवे ठेवायचे आहेत. दिवे बंद ठेवले तर परवाना टळतो का? रात्री दुकान बंदच असतं.

आवक_जावक
हो, बंद ठेवा आणि पंचनाम्यात तसं लिहून घ्या.

अ‍ॅड_हरकत
@आवक_जावक, असं नका सांगू. बोर्डात मॉड्यूल (एलईडीचे छोटे संच) आणि वायर असताना "बंद असतात" हे सिद्ध कोण करणार? एका संध्याकाळचा चालू बोर्डाचा फोटो पुरतो. एकतर मॉड्यूल काढा, नाहीतर परवाना घ्या. दिवे हवेच असतील तर परवाना घेणंच सरळ. दर प्रत्येक महापालिकेचा वेगळा असतो आणि क्षेत्रफळावर असतो, त्यामुळे उंची अडीच फुटांवर आणली की शुल्कही कमी होतं. क्षेत्रीय कार्यालयातल्या परवाना निरीक्षकाकडून चालू वर्षाचा दर लेखी घ्या.

काचेच्या आत मांडलेल्या मालावर माल दिसण्यापुरता उजेड असेल तर तो मात्र प्रकाशित जाहिरातीत मोडत नाही. नवीन बोर्ड लागेपर्यंत शोकेसचे दिवे बिनधास्त चालू ठेवा.

शटर_अर्धे
आत्ताचा बोर्ड तिथेच ठेवून आकाशचिन्हाची परवानगी मागितली तर? पस्तीस हजार घातलेत त्यावर.

अ‍ॅड_हरकत
मागता येते, पण ती जास्तीत जास्त दोन वर्षांची मिळते. आणि ती आपोआप रद्द होण्याची कारणं कायद्यातच आहेत: फलकात बदल किंवा भर घातली, फलक किंवा त्याचा भाग पडला, ज्यावर तो उभा आहे त्या बांधकामात फलकाला धक्का लागेल असा फेरफार केला, इमारत रिकामी झाली. साडेचार इंची कठड्यावरच्या चौकटीला अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र कोण देईल, हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

लोखंडी_चौकट
सगळे पैसे फुकट जात नाहीत.  ४ फुटी अक्षरं अडीच फुटांत मावणार नाहीत, हे खरं. पण मॉड्यूल आणि पॉवर सप्लाय परत वापरता येतात. मॉड्यूल मोजा. ०.७२ वॅटची १५० असतील तर १०८ वॅट, त्याला १२ व्होल्टचा १५० वॅटचा सप्लाय लावा. पूर्ण क्षमतेवर चालवला तर उन्हाळ्यात जातो. सप्लाय पेटीच्या तळाशी ठेवू नका, पाणी तिथेच साचतं. बोर्डाला वेगळा एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि चौकटीला अर्थिंग. ओल्या हाताने शटर ओढणाऱ्याला शॉक बसतो तो अर्थिंग नसल्यामुळे.

संतप्त_नागरिक
सामान्य दुकानदाराला सात दिवस, आणि चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स महिनोन् महिने. उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ ला सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर बेकायदा फलकांबद्दल एवढे आदेश दिले, पुढे काय झालं?

आवक_जावक
रास्त राग आहे. १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा त्यासाठीच आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. तक्रार करताना फोटो, ठिकाण, तारीख द्या, आणि कारवाई झाली नाही तर जोडपत्र अ भरून, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात कारवाईची नोंद मागा. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे ह्यांचं काम अडलंय.

शटर_अर्धे
उत्तर तयार केलंय, उद्या सकाळी देतो. एक शेवटचं. शटरच्या वर बोर्ड लावला तर तो भिंतीपासून किती पुढे चालतो? आमच्या पायरीला लागूनच फुटपाथ आहे.

घाटमाथा
फुटपाथवर अजिबात नको. रस्त्यावर अडथळा होणाऱ्या गोष्टींना कलम २२९ ते २३१ लागतात, आणि २३१ खाली नोटीस न देताही काढता येतं. तुमची भिंत हीच जागेची हद्द असेल तर पेटीची खोली ४ इंचांच्या आत ठेवा आणि आराखड्यात बाजूचा छेद दाखवून तीच खोली मंजूर करून घ्या. भिंत आणि हद्द यांत अंतर असेल तर मालमत्तेचा नकाशा जोडा, त्यावर पेटीची पुढची कड हद्दीच्या आत दिसली पाहिजे. गल्लीत डोकावणारी दोन बाजूंची छोटी पाटी लावायचा विचार असेल तर ती याच अर्जात दाखवा, मागाहून लावलीत तर तिची वेगळी नोटीस येते.

लोखंडी_चौकट
आणि जुनी चौकट उतरवताना आधी अक्षरं काढा, मग आडवे पाइप, शेवटी पाय. पाय आधी कापले तर सगळं वजन कठड्यावर येतं. काम चालू असताना खाली दोरी बांधून फुटपाथ अडवा.